वटारलेला डोळा

प्रिय धर्मपाल,

जयभीम.

सकाळी तुला आत नेलं तेव्हा तू स्ट्रेचरवरून हात हलवलास. कोणाला हलवलास? डावीकडे भिंत होती आणि भिंतीवर हात कसे धुवावेत याची चित्रं. मी आणि पंचशीला तुझ्या उजवीकडे उभ्या होतो, हात लांबवला असतास तर लागलो असतो. तू त्या चित्रांना हसून निरोप दिलास आणि गेलास. तेव्हापासून तुझी बायको बोललेली नाही. माझ्या शेजारच्या लोखंडी खुर्चीवर डोळे मिटून ओठातल्या ओठात त्रिशरण म्हणते आहे, आणि ऑपरेशनच्या खोलीचं दार वाजलं की अर्धवट सोडून उठते. मला असं स्वस्थ बसून काही म्हणता येत नाही. जीभ चालते तेव्हा ती कोणावर तरी चालावी लागते. म्हणून दवाखान्यासमोरच्या दुकानातून कागद आणले. यवतमाळात अजून कागद मिळतो, आणि मिळालेल्या कागदावर मी फक्त दुसऱ्यांचे अर्ज लिहीत आले आहे. घाटंजीच्या तहसीलसमोर टेबल टाकून इतकी वर्षं बसले. कोणाचा सातबारा, कोणाचा जातीचा दाखला, कोणाचा शेजाऱ्याने बांध कोरल्याचा टाहो, सगळं ‘सविनय सादर’मध्ये बसवलं. आता अशी अवस्था आहे की विषय लिहिल्याशिवाय पेन सरकत नाही. तर विषय : तुझा उजवा डोळा, आणि त्यापायी तू केलेला शहाणपणा. महोदय मात्र तुला म्हणवत नाही.

तू जन्मापासूनच नरम. आई म्हणायची, हे पोट्टं मुंगीलेबी ‘सरक व माय’ म्हणून वाट मागते. गोट्यांत हरायचास, आणि जिंकलास तर ज्याच्या जिंकल्या त्यालाच परत द्यायचास, कारण तो रडला. पुढे मास्तर झालास तेव्हा आम्हाला आनंद झाला आणि तुझ्या वर्गातल्या पोरांना आमच्याहून जास्त झाला. फुलसावंगीकडच्या त्या शाळेत मी एकदा आले होते, आठवतं? तू फळ्यावर लिहीत होतास आणि मागे पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढून छताला हात लावायची स्पर्धा करत होती. तू वळून म्हणालास, पडू नका रे बाबा. एवढंच. गावात शौचालयं मोजायची असोत, मतदारांच्या याद्या असोत की कोंबड्या-बकऱ्यांची गणती असो, तुमच्या मुख्याध्यापकांना तुझंच नाव सुचायचं. ते पेपर वाचायचे आणि तू उन्हातान्हात लोकांच्या बकऱ्या मोजायचास. मी थोरली बहीण म्हणून चिडले की म्हणायचास, बाई, कोणीतरी मोजल्याच पाहिजेत ना.

मग तुझा डोळा बाहेर यायला लागला.

एकदम नाही. भिजत घातलेला हरभरा जसा टरफलाला हळूहळू ढकलतो तसा. पंचशीलाला रोज पाहून कळलं नाही, तुला आरशात दिसला तरी तू आरशालाही काही विचारणाऱ्यातला नाहीस. कळलं ते लोकांना, आणि लोकांना जे कळलं ते भलतंच. उजवा डोळा मोठा, स्थिर, पापणी पुरती न मिटणारी. आपल्याकडे डोळ्याला एकच अर्थ ठाऊक : गुरुजींनी डोळे वटारले. वर्गात खांद्यावर चढलेली पोरं खाली उतरली. छताचा विषय संपला. पाढे पाठ होऊन यायला लागले. तांड्यावरचा देवसिंग, ज्याने आधीच्या दोन मास्तरांना नुसत्या आवाजाने बदली मागायला लावली होती, तो पोराच्या मार्कांवरून भांडायला आला, दारात तुझ्याकडे पाहिलं, आणि ‘नाही, म्हटलं गुरुजी बरे आहेत का पाहून यावं’ असं म्हणून परत गेला. चहावाला कप काठोकाठ भरायला लागला. मुख्याध्यापकांनी बकऱ्यांची गणती दुसऱ्याकडे दिली. आणि शिक्षक दिनाला तालुक्याला तुझा सत्कार झाला, शिस्तप्रिय शिक्षक म्हणून. शाल, नारळ, फोटो. त्या फोटोत धर्मपाल, तू सबंध तालुक्याला एका डोळ्याने दम देतो आहेस आणि दुसऱ्या डोळ्याने माफी मागतो आहेस.

सत्कार डोळ्याचा होता. शाल मात्र तू पांघरलीस.

मी हसले होते तेव्हा. मला वाटलं, भाऊ उशिरा का होईना माणसांत आला. तू फोनवर सांगायचास, आज बँकेत मला कोणी मागे ढकललं नाही, आणि तुझ्या आवाजात असं काही असायचं की मला पुढचं विचारवेना. पस्तीस-चाळीस वर्षं ज्याला कोणी रांगेत उभंच राहू दिलं नाही, त्याला रांग मिळाली तर तो आरसा कशाला पाहील? पण कपाळ दुखायला लागलं, वाचताना ओळी एकमेकींवर चढायला लागल्या, तेव्हा पंचशीलाने तुला हाताला धरून यवतमाळला आणलं. यंत्रातून फोटो काढला. डोळ्याच्या मागे, खोबणीत, गाठ. त्या डॉक्टरांनी नीट सांगितलं होतं; पंचशीलाला त्यांचं वाक्य जसंच्या तसं आठवतं. गाठ साधी आहे, कॅन्सरची नाही, पण वाढत गेली तर नजरेची नस दाबेल, तेव्हा मोठ्या डॉक्टरांना दाखवून लवकर निर्णय घ्या. यातलं तू ‘साधी’ एवढंच ऐकलंस. पुढे तुझे कान बंद झाले आणि पेढ्यांचं दुकान उघडलं. साऱ्या गावाला पेढे वाटलेस. मलाही पाठवलेस, आणि मीही खाल्ले.

साधी या शब्दावर मला आता अर्ज लिहावासा वाटतो. आपल्याकडे साधा ताप अंगावर काढायचा असतो, साधा माणूस ऑफिसाबाहेर बसवून ठेवायचा असतो, आणि साधी गाठ म्हणजे जणू घरातलीच कोणी पाहुणी, राहील बिचारी. पण धर्मपाल, एसटीची साधी गाडी तरी आठव. ती प्रत्येक फाट्यावर थांबते, माणसं चढवते, कोंबड्या चढवते, कंडक्टर पाणी पिऊन येतो. घाई तिला कशाचीच नसते. म्हणून ती शेवटच्या गावाला पोचत नाही असं थोडंच आहे? तुझी गाठही साध्या गाडीनेच निघाली होती.

आईच्या पुण्यस्मरणाला तू घाटंजीला आलास तेव्हा मी ताट वाढलं. ठेचा तुला हवाच असतो म्हणून उजवीकडे ठेवला. तू भाकरी संपवलीस आणि म्हणालास, बाई, ठेचा केला नाही काय या खेपेला? पंचशीलाने मुकाट्याने तो डावीकडे सरकवला. त्या सरकवण्यात इतकी सवय होती की माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. तिला ठाऊक होतं. घरात रोज सरकवत होती बिचारी, मीठ सरकवत होती, चप्पल सरकवत होती. तू तिला कोणाला सांगू नको म्हणून शपथ घातली होतीस. मला कोणी शपथ घातली नव्हती. जेवण झालं, तू कॅलेंडरसमोर खुर्चीत बसलास, आणि मी लहानपणीसारखी मागून आले. ओळख कोण. पण मी दोन्ही हात वापरले नाहीत. फक्त डावा डोळा झाकला.

तू हसलास आधी. मग म्हणालास, ‘लाईन गेली काय व बाई?’

भर दुपार होती, धर्मपाल. डोक्यावर पंखा फिरत होता. कॅलेंडरवर बाबासाहेबांचा एवढा मोठा फोटो होता, तुझ्यापासून हातभर. मी तळहात काढला नाही, कारण काढला असता तर तू माझं तोंड पाहिलं असतंस.

त्यानंतर तुला ओढत आणण्याचं काम माझं होतं, आणि मी ते कसं केलं हे तुझ्या सासुरवाडीपर्यंत ऐकू गेलं आहे. नागपूरहून इथे येणाऱ्या या डॉक्टरीणबाई मला पहिल्या भेटीतच आवडल्या, कारण त्यांनी गोड बोलायचा प्रयत्न केला नाही. म्हणाल्या, उजव्या डोळ्याला समोर हात हलवला तर कळतो, बोटं मोजता येत नाहीत. गाठ म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचा गुच्छ, स्वतःच्या पिशवीत बंद, मोठ्या द्राक्षाएवढा. तो नजरेच्या नसेवर बसला आहे. कानशिलाच्या बाजूचं, डोळ्याच्या कडेचं हाड कापून थोडा वेळ बाजूला ठेवायचं, त्या वाटेने आत जायचं, गाठ न फोडता सोडवून काढायची आणि हाड पुन्हा बसवायचं. तुझ्या गावच्या पानठेल्यावर सेवादास सांगतो तसं डोळा काढून वाटीत धुऊन परत ठेवत नाहीत. हे मी मुद्दाम विचारून घेतलं, कारण तू ते मनावर घेतलं होतंस. मग तू एकच प्रश्न विचारलास, गाठ काढली की दिसेल ना? त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, दबलेली नस किती उठेल ते ओझं उतरल्यावरच कळतं. काहींना पुष्कळ परत येतं, काहींना थोडं, काहींना नाही. आणि ऑपरेशनमध्येच उरलंसुरलं जाण्याची भीतीही असते. पण ठेवली तर जाणारच आहे.

तू तिथून उठलास तो चेहरा मला ओळखीचा होता. गोट्या परत द्यायला निघालेल्या पोराचा.

आणि मग परवा, भरती होण्याआधी, पुन्हा नजर तपासायची होती तेव्हा तू जो प्रताप केलास तो तर अख्ख्या शिक्षक जमातीला काळिमा आहे. डावा डोळा झाकला आणि भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता विचारला, तर तू घडाघडा वाचलास. खालची बारीक ओळसुद्धा. तपासणारी पोरगी चकित झाली. पंचशीला तर रडायलाच लागली, दिसायले लागलं, दिसायले लागलं म्हणून. मीही क्षणभर उभी राहिले, खोटं नाही सांगत. क्षणभर मला वाटलं, सुटलो. मग लक्षात आलं की तू चौथ्या ओळीत ‘म’ला ‘भ’ म्हणालास. तुझ्या आधी त्या खुर्चीवर बसलेले आजोबाही ‘म’ला ‘भ’च म्हणाले होते, आणि तू दाराशी डोळे मिटून ते ऐकत बसला होतास. अरे, तूच मला सांगितलं आहेस ना, नक्कल करणारं पोरगं शेजाऱ्याची चूकही उतरवून घेतं म्हणून? मी जाऊन त्या पोरीला तक्त्याची मागची बाजू लावायला सांगितली. मग तू एकही अक्षर बोलला नाहीस. वरचं, ते परातीएवढं अक्षरही नाही.

बाहेर पायरीवर मी तुला काय काय बोलले ते कागदावर घेत नाही. पंचशीलाने कान झाकले होते आणि बाजूचा रिक्षावाला ऐकायला जवळ सरकला होता. दिसतं असं दाखवलं की ऑपरेशन टळेल, आणि ऑपरेशन टळलं की सगळं तसंच चालू राहील, हा तुझा हिशोब. एवढी भीती वाटते तर भीती वाटते म्हणावं माणसाने. तू खाली पाहत होतास. मग तू म्हणालास, ‘बाई, डोया आत गेला अन् दिसलंबी नाही, त मंग मायापाशी राह्यलं काय?’

रात्रंदिवस डोक्यात तेच आहे. भीती नस कापली जाण्याची नव्हतीच फक्त. तुला वाटतं, तू बसला आहेस ती खुर्ची डोळ्याची आहे; डोळा जागेवर गेला की पोरं पुन्हा खांद्यावर चढतील, देवसिंग पुन्हा ओरडेल, बकऱ्या पुन्हा तुझ्या नावावर येतील. येतील कदाचित. मी तुला खोटा धीर देणार नाही, ती माझी पद्धत नाही. लोक वाईट आहेत असंही नाही. ते आपले दिसेल त्याला नमस्कार करतात. पण एक गोष्ट तुझ्या बायकोने काल सांगितली, ती तुला माहीत नाही. तू रजेवर आलास तेव्हा दुसऱ्या मास्तरांनी वर्ग घेतला. चांगले उंचेपुरे, मिशीवाले. पोरांनी त्यांना विचारलं, आमचे सर कधी येणार? त्यांनी विचारलं, का रे, मी मारत तर नाही. तर ती नयन, तुझ्या वर्गातली पहिल्या बाकावरची, म्हणाली, ‘ते सर फक्त डोळे वटारतात, रागवत नाहीत. त्यांचा डोळा दुखतो, पण ते सांगत नाहीत.’ म्हणजे पोरांना सगळं कळलं होतं, धर्मपाल. कधीचंच. त्यांनी गाठीला भिऊन पाढे पाठ केले नाहीत. तुझा डोळा बिघडला आहे आणि तू तो कोणाला दाखवत नाहीस, एवढं ओळखून ती शांत बसत होती. तालुक्याला जे कळलं नाही ते पहिल्या बाकाला कळलं.

हे मी तुला पायरीवर सांगू शकले नाही, कारण तेव्हा मला माहीत नव्हतं. सकाळी सांगणार होते, पण तू भिंतीला हात हलवत निघून गेलास.

मधे लिहायचं थांबले होते. नर्स बाहेर आली, पेशंटसोबत कोण म्हणाली, आम्ही दोघी एकदम उभ्या राहिलो, आणि तिने फक्त वेळ लागतो आहे, बसा, एवढं सांगितलं. वेळ का लागतो आहे हे विचारायला मी तोंड उघडलं तेव्हा दार बंद झालं होतं. पंचशीलाने माझा हात धरला. तिच्या हाताला इतका घाम होता की माझं पेन निसटलं. ती पहिल्यांदा बोलली : ‘बाई, ते आतमंधी एकटे हायत.’ मी तिला म्हणाले, एकटा कसला, चार-पाच जणं आहेत, शिवाय त्याला झोपवलं आहे. पण तिचं खरं होतं.

आता डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. टोपीचा वळ कपाळावर तसाच होता. गाठ अख्खी निघाली, न फुटता. ती नसेला चिकटून बसली होती, म्हणून वेळ लागला. नस चपटी झाली आहे. हाड जागेवर बसवलं. पंचशीलाने विचारलं, दिसेल ना? त्या म्हणाल्या, उद्या सकाळी पट्टी काढू. मग जाता जाता वळून मला म्हणाल्या, उद्या पहिल्याच दिवशी फार अपेक्षा ठेवू नका. मोठी आकृती कळली तरी पुष्कळ. त्यानंतर दिवस जातील, आठवडे जातील, वाढलं तर हळूहळू वाढेल. आणि या खेपेला तक्ता त्यांना पाठ नसेल असं बघा. त्या हसल्या. मीही हसले. दोघींच्याही हसण्यात जीव नव्हता.

त्या म्हणाल्या ते मी सकाळपासूनच करते आहे, धर्मपाल, या पत्रात. हे तुझ्या उजव्या डोळ्याला लिहिलं आहे, तुला नाही. ‘प्रिय धर्मपाल’ हे दोन शब्द मी जाड स्केचपेनने वीतभर उंच काढले आहेत, त्यांनाच एक पान गेलं. पुढचं पान बोटाएवढ्या अक्षरांत, मग करंगळीच्या नखाएवढ्या, आणि आता या शेवटच्या ओळी मी अर्जाच्या समासात लिहिते तशा बारीक लिहिते आहे. हे कोणी मोठ्याने वाचलेलं नाही, पंचशीलानेही पाहिलेलं नाही, त्यामुळे ऐकून पाठ करायची सोय नाही. रोज सकाळी पहिल्या पानापासून सुरू करायचं. डाव्या डोळ्यावर माझा तळहात असेल. बोटांच्या फटीतून पाहायचा प्रयत्न केलास तर कान पिळीन. जिथे अडशील तिथे पेन्सिलीची खूण करू आणि कागद घडी करून ठेवू. तुझ्याबद्दल मी काय काय लिहिलं आहे ते कळायला तू तडफडशील, ते मला माहीत आहे, तडफड. महिना लागो, वर्ष लागो. मी घाटंजीचं टेबल बंद ठेवीन. आणि खूण पहिल्याच पानावर राहिली, सरकलीच नाही, तर एक दिवस मी तुझ्याशेजारी बसेन आणि सगळं वाचून दाखवीन, टोमण्यांसकट. म्हणजे हे वाक्य तू एकतर वाचतो आहेस, नाहीतर माझ्या आवाजात ऐकतो आहेस. लिहिताना मला ते माहीत नाही. तू आत झोपला आहेस, डोळ्यावर पांढरी पट्टी आहे, आणि मी अक्षर जितकं बारीक काढता येईल तितकं बारीक काढते आहे.

तुझीच,
बाई